चुकार भीम

जव्हार,
२१ मार्च २०२५

ती. रविनाताईस,
तुळशीदासचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र काल तुका जीपवाल्याने दुकानात आणून दिले. घडी मोडलेली होती आणि कोपऱ्याला पानाचा डाग होता, म्हणजे त्याने ते वाचले असावे. पुढच्या वेळी कृपया पाकिटात घाल. आपल्या पाड्यावर मोबाइलला रेंज नाही हे खरे, पण घरातली गोष्ट जव्हार-मोखाडा रस्त्यावरच्या सगळ्या प्रवाशांना कळावी असे मला वाटत नाही.

तू लिहितेस की बोहाड्यासाठी गावकी पाडव्याला बसणार आहे आणि भीमाचे सोंग आपल्या घरातून कोण घेणार, हे त्या दिवशी सांगायचे आहे. दिवाळीत बाबांच्या डाव्या अंगावरून वारे गेले, तेव्हाच हा प्रश्न येणार हे मला कळले होते. आपल्या घरातून कोणी उभे राहिले नाही तर सोंग बुधाकाकांच्या घरी जाईल आणि गेलेले सोंग परत येत नाही, हेही मला माहीत आहे. बोहाड्यात मुखवटा चढवून आजोबा भीम नाचले, बाबा भीम नाचले. मला काळजी नाही असे समजू नकोस. काळजीशिवाय मला दुसरे काही नीट येतही नाही.

परंतु माझ्याही अडचणी आहेत. दुकानात मार्चअखेरची गर्दी आहे. प्रकल्प कार्यालयात येणारा प्रत्येक माणूस आधी आमच्याकडे झेरॉक्सला येतो आणि त्याच्या अर्जातल्या चुका मी दुरुस्त केल्याशिवाय मालक गौतमभाऊ तो पुढे जाऊ देत नाहीत. दुसरे, माझी प्रकृती तू पाहिलीच आहेस. भीम म्हणून मी उभा राहिलो तर लोक बकासुराच्या बाजूने होतील.

आता महत्त्वाचे. पत्राच्या शेवटी तू मला इंग्रजीत ‘शर्कर’ म्हटले आहेस आणि अर्थ मुद्दाम लिहिलेला नाहीस. आधी मला ते साखरेचे काहीतरी असावे असे वाटले आणि थोडे बरे वाटले. मग गौतमभाऊंच्या हर्षालीचा शब्दकोश मागून घेतला. त्यात लिहिले आहे, अंगावर आलेले काम किंवा कर्तव्य टाळणारा. ताई, मला वाईट वाटले. दहावीनंतर शाळा सुटली हे खरे, पण मी आजवर लोकांच्या अर्जातली एक वेलांटीसुद्धा टाळलेली नाही.

आई-बाबांस नमस्कार सांग. शब्द परत घ्यावा, लोभ मात्र परत घेऊ नये.

तुझा भाऊ,
तुळशीदास

पोशेरा,
२४ मार्च २०२५

चि. तुळशीदास यास,
रविनाचे अ. उ. आ.

पत्र पाकिटात घातलं आहे आणि डिंकाने चिकटवलं आहे. तुकाने पाकीट हातात घेऊन विचारलं, ह्यात काय आहे. मी म्हटलं, तुझ्याबद्दलची तक्रार आहे. त्याचा चेहरा बघायला हवा होतास.

तुळशा, तुझं पत्र वाचून मी शाळेतल्या पोरांना दाखवलं, सगळं नाही, अक्षर तेवढं. म्हटलं, असं लिहावं. एक काना-मात्रा चुकलेली नाही. कारणं मात्र सगळी चुकलेली आहेत. मार्चअखेर मार्चमध्ये संपतो रे. बोहाडा एप्रिलात आहे. आणि मुखवटा घालून नाचायचं आहे, कुस्ती मारायची नाही.

शब्द मी परत घेत नाही, उलट त्याचं मूळ सांगते. इंग्रजी घेऊन बी. ए. केलं त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. त्यासाठी करवंदीच्या टेकडीवर चढून मोबाइल डोक्यावर धरून उभी राहिले. हा शब्द इंग्रजीत साधारण चारशे वर्षांपासून आहे आणि सुरुवातीला त्याचा अर्थ काम टाळणं असा नव्हताच. लबाडी करून दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला तसं म्हणायचे. शब्द आला कुठून, हे जाणकारांनाही पक्कं ठाऊक नाही. काहींना वाटतं, जर्मन भाषेत बदमाशाला ‘शुर्के’ असा शब्द आहे, त्याच्यापासून आला असेल. काही जण शार्क माशाशी नातं लावतात. पुढे वापरून वापरून त्यातली लबाडी झिजली आणि नुसता कामचुकारपणा उरला. मी तुला हा झिजलेला, सौम्य अर्थ लावला आहे. उपकार मान.

बाबांचं विचारशील तर, रोज सकाळी भीमाचा मुखवटा माळ्यावरून काढायला लावतात. उजव्या हाताने पुसतात, मिशांवर बोट फिरवतात, परत ठेवायला लावतात. येईल त्याला सांगतात, पाय बोहाड्यापर्यंत बरा होतो. आई म्हणते, आधी पडवीची पायरी उतरून दाखवा, मग बकासुर मारा. ते तिच्याकडे बघतच नाहीत.

पाडव्याला ये. ज्याला नाचायचं त्याने स्वतः गावकीपुढे नारळ घ्यायचा असतो, माझ्या हातात कोणी देणार नाही. तुझी पत्रं मी बाबांना अर्धीच वाचून दाखवते, वरचा नमस्कार आणि खालचा लोभ. मधलं ऐकलं तर पायरी न उतरताच जव्हारला येतील.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच, ते चुकवता येत नाहीत.

रविना

जव्हार,
२ एप्रिल २०२५

ती. रविनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाडव्याला मी आलो आणि गावकीपुढे दोन्ही हातांनी नारळ घेतला, हे तू पाहिलेस. आता तरी तो शब्द परत घेशील अशी आशा आहे. बुधाकाकांचे तोंड उतरले, तेही पाहिलेस. त्यांच्या पोरांचे दंड बघून मला एकदा वाटले की नारळ त्यांच्याकडे सरकवावा, पण बाबा शेजारी बसले होते.

बाबा शेजारी बसले होते म्हणूनच एक गोष्ट तुला तिथे सांगता आली नाही. ती आता लिहितो. हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत घाल.

मी नारळ घेतला आहे, परंतु नाचणार पाड्यावरचा सुरज आहे. तू दचकू नकोस, मी सर्व बाजूंनी विचार केला आहे. भीमाचा मुखवटा छातीपर्यंत येतो. खाली झगा असतो. माणसाचे काहीही दिसत नाही. सुरजला सगळ्या सोंगांच्या चाली येतात, त्याचा दम चांगला आहे आणि तो लाजत नाही. आपल्या घराच्या मागच्या दाराने तो आत येईल, मुखवटा चढवेल आणि मी कणगीमागे बसून राहीन. सोंग देवळात पोहोचून परत आले की तो मागच्या दाराने जाईल आणि मी पुढच्या दाराने घाम पुसत बाहेर येईन. घामासाठी तांब्याभर पाणी लागेल, ते तू ठेव.

सुरजने याबद्दल काही फार मागितलेले नाही. त्याला अंगणवाडीतल्या प्रतिक्षाला एक पत्र पाठवायचे आहे. ते मी लिहून दिले. दोनदा कच्चे केले, तिसऱ्यांदा पक्के. पत्र चांगले झाले आहे.

अशा रीतीने सोंग घरात राहील, बाबांचा मान राहील आणि भीमही भीमासारखा दिसेल. कोणाचेही नुकसान नाही. तुझे मत कळव, पण ते होकारार्थी असावे.

सर्वांस नमस्कार. माझ्यावर आहे तेवढी माया राहू दे, वाढवली तरी चालेल.

तुळशीदास

पोशेरा,
६ एप्रिल २०२५

तुळशा,

आशीर्वाद नंतर देते, आधी रागावते.

चारशे वर्षांत इंग्रजांनी तो शब्द लबाडीकडून कामचुकारपणाकडे आणला. तू आठ-दहा दिवसांत परत उलटा नेलास. आधी नुसतं टाळत होतास, आता फसवायला निघालास. मी तुला सौम्य अर्थ लावला होता, तो तुला पुरला नाही वाटतं.

आणि फसवणार कुणाला? मुखवट्याखाली काही दिसत नाही म्हणे! पाय दिसतात ना रे. जव्हारला राहून झेरॉक्स काढता काढता तू माणसं तोंडावरून ओळखायला लागलास. इथे आवणाच्या, भातलावणीच्या दिवसांत सगळी वाकलेली असतात, इरलं डोक्यावर, तोंड चिखलाकडे. कोण कुठल्या बांधावर आहे ते लोक पोटऱ्यांवरून सांगतात. मागे एका वर्षी काळीच्या नवऱ्याला ताप आला, त्याच्या जागी त्याच्या भावाला चोरून नरसिंह केला होता. नवशीआजीला डोळ्यांनी धड दिसत नाही, पण ती ओट्यावरून ओरडली होती, आरे, हा तर धाकला, थोरल्याचा अंगठा बाहेर असतो. अख्खा पाडा हसला. नरसिंहाला खांब फोडायचा होता, त्याला खांबामागे लपायची वेळ आली.

सुरज चवडे बाहेर टाकून चालतो, बदकासारखा. तो आपल्या दारातून निघाला की देवळापर्यंत जायची गरजच नाही, दहा पावलांत बोभाटा. मग गावकी सोंगही काढून घेईल आणि बाबांना त्या ओट्यावर बसून सगळं ऐकावं लागेल. तू कणगीमागे असशील.

तुझ्या त्या चांगल्या पत्राचंही ऐक. प्रतिक्षा ते घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, मॅडम, सुरजला एवढं शुद्ध लिहिता आलं असतं तर तो मराठीत नापास कशाला झाला असता. अक्षर कुणाचं ते तिने दुसऱ्याच ओळीला ओळखलं. तिला ते आवडलं आहे, पण आता कुणावर प्रसन्न व्हावं याचा घोळ झाला आहे. हा गुंता तुमचा तुम्ही सोडवा.

आता मस्करी बाजूला. तू भित्रा आहेस हे मला ठाऊक आहे. लहानपणी तू बैल अंगावर येईल म्हणून पोळ्याला झाडावर बसायचास. पण लबाड नव्हतास. लबाडी तुला जमतही नाही, तू तिची सुद्धा कच्ची प्रत काढतोस. तेव्हा हे नुसत्या भीतीने केलेलं नाही, एवढं मला कळतं. बाबाही काही धड वागत नाहीत. नारळ घरात आला त्या दिवसापासून त्यांनी मुखवटा खाली काढायला लावलेला नाही. मी म्हटलं, तुळशाला चाल शिकवायला बोलावू का, तर म्हणाले, मला झोप आली आहे. दुपारचे बारा वाजले होते.

दोघांचं काय चाललं आहे? खरं कारण लिही. पाणी लावून आणलेला घाम मला नको.

रविना

(आशीर्वाद राहिले. घे.)

जव्हार,
९ एप्रिल २०२५

ती. रविनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र चार वेळा वाचले. पोळ्याची गोष्ट लिहायची गरज नव्हती. तो बैल खरोखर मारका होता.

खरे कारण लिहितो. जमेल तसे लिहितो, कारण याची कच्ची प्रत मी काढलेली नाही.

आपल्या घरात भीमाचा नियम आहे, तो तुला माहीत आहे, पण बायकांसमोर त्याबद्दल फारसे बोलत नाहीत म्हणून पुन्हा सांगतो. आधीचा भीम नव्या भीमाच्या डोक्यावर आपल्या हाताने मुखवटा बांधतो. एकदा बांधला की बांधणाऱ्याने तो मुखवटा जन्मात पुन्हा घालायचा नाही. आजोबांनी बाबांना बांधला, त्यानंतर त्यांनी मुखवट्याला हातही लावला नाही असे बाबाच सांगतात.

ताई, बाबांनी सगळा जन्म दुसऱ्याच्या शेतावर आणि वीटभट्टीवर काढला. मुकादम त्यांना एऽ म्हणून हाक मारायचा. वर्षातून एकदा भीम झाले की तोच मुकादम बाजूला होऊन वाट द्यायचा. आता हात गेला, पाय गेला. माळ्यावरचा भीम तेवढा राहिला आहे. पाय बरा होतो असे ते म्हणतात, तेव्हा आपल्याला सर्वांना ते खोटे वाटते, पण मुखवटा त्यांचा आहे तोपर्यंत ते अगदी खोटे होत नाही. मी खाली मान घालून उभा राहिलो आणि त्यांनी गाठ मारली, की ते खोटे होईल. पाडव्याला नारळ घेतला तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिले. ते माझ्याकडे बघत नव्हते, नारळाकडे बघत होते.

सुरज नाचला असता तर त्याला कोणी बांधले नसते, त्याचा त्याने चढवला असता. सोंग घरातही राहिले असते आणि बाबांचेही राहिले असते. म्हणून मी तो मार्ग काढला. पायांचा विचार मी केला नाही, ही चूक झाली.

मला नाचायचीही भीती वाटते, तेही खोटे नाही. पण त्याच्यासाठी मी एवढे केले नसते.

सुरजला नाही म्हणून कळवले आहे. पुढे काय करावे ते तू सांग. हे पत्र नेहमीप्रमाणे अर्धेच वाच.

माझ्याबद्दल वाईट मत झाले असल्यास बोहाड्यापर्यंत थांबावे, ही विनंती.

तुळशीदास

पोशेरा,
१२ एप्रिल २०२५

चि. तुळशीदास यास अ. उ. आ.

पत्र अर्धं वाचलं नाही. पूर्ण वाचून दाखवलं, मोठ्याने, आईसमोर. तुझा विश्वास मोडला, त्याबद्दल पुढच्या वेळी खरवस ठेवीन.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. पोळ्याच्या बैलाला हसले. मुकादमाचं आलं तेव्हा हसायचे थांबले. संपल्यावर म्हणाले, मधलं परत वाच. वाचलं. आई नाचणीची भाकरी थापत होती, ती थापता थापता म्हणाली, बघा, एक नाचायचं टाळतोय आणि एक द्यायचं टाळतोय, मी मेली दोघांच्या मधे वाळत्येय. बाबा तिच्यावर खेकसले, तुझी भाकर करपत्येय तिकडं बघ. करपत नव्हती.

मग म्हणाले, काढ तो खाली. मी मुखवटा काढला. या वेळी त्यांनी मिशा पुसल्या नाहीत. उलटा करून मांडीवर घेतला आणि आतलं फडकं बोटाने चाचपत बसले. आईला म्हणाले, तुझं जुनं लुगडं असेल तर आण, आतून जाड घडी लाव, पोराचं डोकं लहान आहे, मुखवटा फिरंल.

आई घडी लावत्येय. मी हे तिच्या शेजारी बसून लिहिते आहे.

निरोप असा आहे की गौतमभाऊंना सांगून चार दिवस आधी ये, चाल शिकायची आहे. आणि त्यांनी सांगितलं तसंच लिहिते, त्या गाढवाला म्हणावं मी म्हातारा झालो ते अख्ख्या मोखाड्याला दिसतंय, तू एकटाच डोळे मिटून बसलायस.

ये. वाट बघत आहोत, तिघंही.

रविना

जव्हार,
२४ एप्रिल २०२५

ती. रविनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोहोचलो. पोटऱ्या दुखत आहेत. दुकानात उभे राहता येत नाही म्हणून गौतमभाऊंनी स्टूल दिले आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की भीम बसले आहेत, अर्ज हळू द्या.

तू बायकांमध्ये होतीस, बाहेरून पाहिलेस. आत काय झाले ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितो.

पहाटे भीमाची वेळ आली तेव्हा मी घरात खाली मान घालून उभा होतो. बाबांनी एकट्या उजव्या हाताने दोरी ओढली, दुसरे टोक आईने धरले. मला वाटले, आता काहीतरी बोलतील. काही मोठे बोलतील, आजोबांचे वगैरे. ते म्हणाले, नाक खाजवून घे, मग देवळापर्यंत मिळायचं नाही. मी नाक खाजवले. मग त्यांनी गाठ मारली. घट्ट बसली.

बाहेर आलो आणि घाबरलो. आतून काहीच दिसत नाही. दोन भोके आहेत, ती बाबांच्या डोळ्यांच्या अंतराची आहेत. संबळ वाजायला लागले आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. पुढे टेंभा घेऊन चालायला तुका होता, पण तो भराभर निघून गेला, त्याला जीपची सवय. मला वाटले, आता पडणार. तेवढ्यात टेंभा मागे आला आणि माझ्यासमोर थांबला. मग एकदा डावीकडे कलला आणि सरळ झाला. पुन्हा कलला, पुन्हा सरळ झाला. तसा टेंभा तुका धरत नाही. तो लंगडा टेंभा कोणाच्या हातात आहे ते मला मुखवट्यातून कळले. पायरी ते कधी उतरले, मला माहीत नाही. आई म्हणते, तिलाही माहीत नाही.

मग मी त्याच्यामागे गेलो. तो कलला की थांबायचो, सरळ झाला की पाऊल टाकायचो. संबळवाल्याला चाल धीमी करावी लागली. लोक काय ओरडत होते ते ऐकू येत होते. बकासुराचा गाडा खाऊन भीम जड झाला, हे बुधाकाका म्हणाले ना? आणि नवशीआजी बाबांचे नाव घेऊन ओट्यावरून ओरडली की पाय वाळूच्या पोराचेच आहेत, पण चाल वाळूची आहे. ते ऐकून टेंभा जरा वर गेला.

देवळापाशी बाबा दमले होते. दोघांनी टेंभा मागितला, त्यांनी दिला नाही. मुखवटा सुटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि डोके हलवले. ते चांगले की वाईट, हे मी विचारले नाही.

आता एक तक्रार आहे. आज तुका सांगत होता की बाबा काल त्याच्या जीपने मोखाड्याच्या बाजाराला गेले होते, तपासणीचे निमित्त सांगून, आणि चहाच्या टपरीवर, भाजीवाल्यांपाशी, सगळीकडे सांगत फिरत होते की यंदाचा भीम फार हळू चालतो, टेंभेवाल्याला जागोजाग खोळंबून राहावे लागले, पुढच्या वर्षी जरा भराभर चालला पाहिजे.

ताई, हे साफ चुकीचे आहे. कोण कोणासाठी थांबत होते हे सगळ्या पाड्याने पाहिले आहे. पण कोणी विचारले तर तू दुरुस्त करू नकोस. मीही करणार नाही.

आईस नमस्कार. टेंभेवाल्यांस शि. सा. न. थोरामोठ्यांची माया अशीच पुढे चालत राहावी, मी मागून येतो.

तुझा भाऊ,
तुळशीदास